हातांनी उतरलेला डोंगर

"डोळे मिटलेत ना?" मी विचारलं.

"मिटलेत. तू पट्टी बांध आणि बोलू नकोस," नीव्हेस म्हणाली.

तिचा उजवा पाय माझ्या मांडीवर होता आणि मी गुडघ्याला खालून वर पट्टी चढवत होते. ती लाकडी खोली डोंगराच्या माथ्यावर, शर्यत सुरू होते तिथून हाकेच्या अंतरावर होती. आत मेणाचा वास भरला होता, कारण पलीकडच्या खोलीत तिच्या स्कीच्या तळाला मेण लावायला गरम इस्त्री फिरत होती. बाहेर गावातली माणसं गाईंच्या गळ्यातल्या घंटा हातात घेऊन, त्या वाजवत वाजवत डोंगर चढत होती. त्यांची नीव्हेस तालामिनी आज आपली शेवटची शर्यत उतरणार होती.

तिने दोन्ही तळहात समोर धरले, शेजारी शेजारी, बोटं पुढे. त्या तिच्या स्की. मग तिने श्वास सोडला आणि हात निघाले.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. डाउनहिल शर्यतीत उतारावर एकामागून एक गेटं, म्हणजे खांबांच्या जोड्या, रोवलेली असतात. त्यांच्यामधून एकेकीने वळत वळत खाली यायचं, आणि जिला सगळ्यांत कमी वेळ लागेल ती जिंकली. वेग असा की मोटारीतसुद्धा आपण चालवणाऱ्याला 'जरा हळू' म्हणू. शर्यतीच्या सकाळी सगळ्यांना उतार एकदा सावकाश बघू देतात, स्की आडव्या धरून, घसरत घसरत. तेवढ्यात प्रत्येक गेट पाठ करायचं. मग वर येऊन डोळे मिटून बसायचं आणि मनातल्या मनात अख्खा डोंगर उतरायचा. कुणी मान डोलावतं, कुणी पुटपुटतं. एक ऑस्ट्रियन मुलगी तर उभी राहून अशी घुमायची की हिच्या अंगात आलंय असं वाटावं. नीव्हेस हातांनी उतरायची. तळहात डावीकडे कलले की डावं वळण. बोटं उचलली गेली की उडी. दोन्ही हात छातीशी आले की सरळ उतार, जिथे अंगाचं मुटकुळं करून नुसतं जायचं.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे बर्फ असतो तो मासळीच्या पेटीत. फिजिओथेरपी शिकले, लग्न करून नवऱ्याबरोबर मिलानला आले, नवरा तिथल्याच एका बाईकडे राहायला गेला, आणि मी उत्तरेला येऊन या स्कीच्या संघाच्या नोकरीला लागले. वैजयंती हे नाव त्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून त्यांनी त्याचं 'वाया' करून टाकलं. मराठीत वाया म्हणजे काय ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सहा हिवाळे मी नीव्हेसचे गुडघे बांधले. मी आजतागायत स्कीवर उभी राहिलेले नाही, पण युरोपातले बरेच डोंगर मला तिच्या हातांवरून ठाऊक आहेत. हा तर फारच चांगला ठाऊक होता, कारण हा तिच्या घरामागचा डोंगर होता. दुसऱ्या डोंगरावर पडून आली तरी मन शांत करायला ती हाच उतरायची, हॉटेलच्या खाटेवर बसून.

तर त्या सकाळी हात वरच्या कड्यावरून सुटले. डावं, उजवं, लांबलचक डावं. बोटं उचलली, उडी झाली. हात छातीशी, सरळ उतार. आता लार्चच्या झाडाखालचं मोठं उजवं वळण. तिथे तिचे हात नेहमी इतके कलायचे की कोपर मांडीला लागायचं आणि पायही आत खेचला जायचा. पट्टी सरकू नये म्हणून मी तिचं टोक दाबून धरलं.

हात कललेच नाहीत. छातीशी होते तसेच सरळ राहिले आणि मग पुढच्या डाव्या वळणाला लागले. खाली आले, थांबले. नीव्हेसने डोळे उघडले.

"छान," ती म्हणाली. "चांगली उतरले."

मी पट्टी कापली. मला काही वाटलं नाही, हे खरं तेच सांगते. त्या हिवाळ्यात मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. डिसेंबरात आई गेली. फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी मांड्या चोळत होते. फोन ठेवला आणि उरलेली मांडी चोळून पूर्ण केली. विमान वेळेवर मिळण्यासारखं नव्हतं, भावाने सगळं उरकलं. नंतर मी रडेन म्हणून वाट पाहिली, पण रडू आलंच नाही. जेवले, झोपले, पट्ट्या बांधल्या. नीव्हेस त्या संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसली होती. उठताना फक्त विचारलं होतं, "कसं वाटतंय?" आणि मी म्हणाले होते, "काहीच वाटत नाही. दुखत नाही, भीती नाही, काही नाही."

म्हणून गेले दोन दिवस ती गप्प गप्प होती तेव्हा मला वाटलं होतं की हे मला ओळखीचं आहे. जन्मभर केलेलं काम संपतंय, माणूस बधिर होणारच.

पण हात चुकले होते. आणि परवाच्या सरावात ती नेमकी त्याच लार्चखाली पडली होती.

जबर पडली होती. जाळीत जाऊन गुरफटली, मग स्वतःच सुटून उठली आणि लोकांना हात करून खाली गेली. तिथे संघाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. डोक्याला मार लागला की करतात तेच सगळं केलं. काही शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे, एका पायावर उभं करायचं. नीव्हेसने सगळं घडाघड केलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. पेपरांत तिचा हात केलेला फोटो आला.

"पुन्हा एकदा उतरशील?" मी म्हटलं.

"कशाला?"

"पट्टी नीट बसली का बघते."

तिने डोळे मिटले. कडा. डावं, उजवं, लांब डावं, उडी, सरळ. आणि हात पुन्हा सरळच राहिले. कोपर मांडीला लागलं नाही.

"बसलीय का?"

"बसलीय," मी म्हणाले. "आलेच मी."

दाराबाहेर तिचे वडील उभे होते, आत्तिलिओ. माणसांना तारेवरून वर नेणारा याच डोंगरावरचा पाळणा जन्मभर चालवलेला माणूस. नीव्हेसला तिसऱ्या वर्षी स्कीवर उभं केलं ते यांनीच, तेही पाळण्याची रांग सांभाळत, एक डोळा तिच्यावर ठेवून. हातात थर्मास होता आणि काखेत घंटा.

"झालं का तिचं?" त्यांनी विचारलं. "सूप आणलंय. काल जेवली नाही धड."

"थोड्या वेळाने द्या."

"घाबरलीय पोर." ते हसले. "काल जेवताना मला म्हणते, बाबा, ब्योंदाचं दूध काढलंत का? अहो, ब्योंदा विकून युग उलटलं. गोठ्यात आता माझी मोटार असते. मी म्हटलं, काढलं बाई, काढलं. म्हातारी व्हायला लागली तीसुद्धा."

मीही हसले. मग मला हसू आवरावं लागलं नाही, ते आपोआप थांबलं. मी त्यांना म्हटलं की तुम्ही खाली तुमच्या जागेवर जा, गर्दी वाढतेय. ते थर्मास माझ्या हातात देऊन गेले.

रेन्झो बाहेर बर्फात उभा राहून रेडिओवर कुणाला तरी झापत होता. तो मुख्य प्रशिक्षक. नीव्हेस चौदा वर्षांची असल्यापासून तिला शिकवत होता. त्याचा आवाज असा की दरीपलीकडच्या गाई माना वर करायच्या. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"हातांवरून?" तो म्हणाला. "तिची शेवटची शर्यत, तिच्या गावात, निम्मा देश टीव्हीसमोर बसलाय, आणि तू मला हात चुकले म्हणून सांगतेस?"

"दोनदा चुकले. एकाच जागी."

"मन ठिकाणावर नसेल. तुझं असतं का आज?"

"मनाचं मला माहीत नाही, रेन्झो. सहा वर्षांत तिने एक गेट गाळलेलं मी पाहिलेलं नाही. पाय मोडला होता तेव्हा भूल उतरता उतरतासुद्धा तिने सगळी गेटं घेतली होती."

"पण ते वळण आम्ही सकाळी बघून आलोय! चांगलं उभं राहून बघितलं. मी सांगत होतो, इथे आत धर, इथे सोड, ती मान हलवत होती."

"आणि ती काय बोलली?"

"मान हलवत होती," रेन्झो पुन्हा म्हणाला. मग तो माझ्याआधी खोलीत शिरला.

नीव्हेस टेबलावर बसून पाय हलवत होती. नंबराचं जॅकेट अंगात होतं. नंबर बराच मागचा मिळाला होता, त्यामुळे वेळ होता. रेन्झो तिच्यासमोर बाकावर बसला आणि एरवी कधी बोलत नसे तितक्या हळू आवाजात म्हणाला, "मला उतरून दाखव."

"तूसुद्धा पट्टी बघतोयस?"

"दाखव ना."

तिने तिसऱ्यांदा डोळे मिटले. रेन्झो तिच्या हातांकडे बघत होता आणि मी रेन्झोकडे. उडीनंतर त्याची स्वतःची मान नकळत उजवीकडे कलली. नीव्हेसचे हात सरळ गेले. त्याची मान तशीच कललेली राहिली.

ती खाली पोचली आणि तिने डोळे उघडले. "काय झालं?"

"लार्चखालचं वळण कुठून धरणारेस?" रेन्झोने विचारलं.

"लार्चखाली वळण नाहीये."

"नीव्हेस."

"तिथे सरळ आहे, रेन्झो. उडीनंतर सरळ, मग डावं." आज कुठला वार आहे ते सांगावं तसं ती सांगत होती. "वळण कधी घातलं तिथे? या वर्षी?"

त्या वळणाला नाव होतं. अठराव्या वर्षी ती याच डोंगरावर पहिल्यांदा जिंकली ती तिथेच. जिथे बाकी सगळ्या वेग कमी करायच्या तिथे ही पोर तशीच आत घुसली होती आणि उभी बाहेर पडली होती. पुढे जगज्जेतेपदं आली, ऑलिंपिकचं सुवर्ण आलं, गुडघ्याची तीन ऑपरेशनं आली, खांद्यात धातूची पट्टी आली. पण गावाने त्या पहिल्या विजयानंतरच तिथे लाकडी पाटी ठोकली होती. टीव्हीवरचे समालोचक इतर देशांचे असले तरी तेच नाव घ्यायचे. नीव्हेसचं वळण.

"त्याला तुझं नाव आहे," रेन्झो म्हणाला.

"माझं?"

ती हसली नाही, दचकली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. पलीकडच्या खोलीतली इस्त्री थांबली होती. रेन्झोने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तो तसाच बसून राहिला. इतक्या मोठ्या माणसाला असं बसलेलं बघून मला वाईट वाटायला हवं होतं. मी पाहत राहिले, एवढंच.

"शर्यतीतून तुझं नाव काढायला लागेल," मी म्हणाले.

"नाही," नीव्हेस म्हणाली. "असेल वळण तर मला दाखवा. बघते, पाठ करते, वर येते. वेळ आहे."

"रेन्झो, सांग तिला."

"मी नाही काढणार," तो हातांच्या आडून म्हणाला. "एकवीस वर्षं मी तिला शर्यतीच्या दारातून खाली ढकललंय. आज माझ्या तोंडून नाही निघणार ते." मग त्याने कमरेच्या दोन रेडिओंपैकी एक सोडवून माझ्या हातात दिला. "तू ने तिला. डॉक्टरांना मी गाडी घेऊन खालच्या रस्त्यावर यायला सांगतो. वळण बघून ती काय म्हणते ते मला कळव."

मला त्याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. पण मी मनाशी ठरवलं होतं की ही परत वर येणार नाही. ती काही म्हणो.

जाळीच्या कडेने झाडांतून एक पायवाट खाली जाते, सामान नेणाऱ्यांची. मी बुटांना खिळे लावले, नीव्हेसने अंगावर मोठा कोट घेतला, आणि आम्ही निघालो. ती पुढे, मी मागे. मधेच कुणी ओळखून ओरडलं, "नीव्हेस! आज दाखव त्यांना!" तिने हात वर केला. तो तिचा हात मला पाठमोरा दिसला, अगदी फोटोतल्यासारखा, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की फोटोतसुद्धा तो असाच होता. कुणी ओरडलं की वर जाणारा. त्याच्यामागे कुणी असेलच असं नाही.

"मला काही होत नाहीये, वाया," ती न वळता म्हणाली. "दुखत नाही. भीती वाटत नाही. तू असंच म्हणाली होतीस ना, तुझ्या आईच्या वेळी?"

"हो."

"ते जातं का मग?"

"माहीत नाही. माझं अजून गेलं नाही."

"बरं," ती म्हणाली.

लार्चपाशी पोचलो तेव्हा शर्यत सुरू झाली होती. वळण आमच्यासमोर होतं, डोंगराच्या कुशीतून खोल उजवीकडे जाणारं, निळ्या रंगाच्या खुणा मारलेलं. कडेला पाटी होती. तिच्यावर कुणीतरी आज ताजी पाइनची डहाळी खोचली होती. नीव्हेस पाटीसमोर उभी राहिली आणि तिने ती वाचली. पुन्हा वाचली. मग वर उताराकडे पाहिलं.

आधी आवाज येतो. बर्फ खरवडल्याचा, वरून खाली वाढत जाणारा. मग एक मुलगी उडीवरून हवेत आली, टेकली, मुटकुळं करून सरळ सुटली, आणि आमच्यासमोर आली तेव्हा ते मुटकुळं उघडून तिने सगळं अंग उजवीकडे लोटलं. तिचा हात बर्फाला घासत होता. घंटांचा एकच कल्लोळ झाला आणि ती खाली दिसेनाशी झाली.

"वळली," नीव्हेस म्हणाली.

"हो."

दुसरी आली. तीही वळली. नीव्हेस प्रत्येकीकडे बघत होती, वर्गात नवीन आलेली मुलगी फळ्याकडे बघते तशी. चार जणी गेल्या असतील. मग ती म्हणाली, "परवा मी इथे पडले म्हणतात."

"पडलीस."

"मला आठवत नाही. तुम्ही संध्याकाळी व्हिडिओ लावला होता. एक बाई पडली, उठली, तिने हात केला. अंगावर माझे कपडे होते, म्हणून मी धरलं की मीच असणार. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, काही नाही, ठीक आहे."

"आणि डॉक्टरांनी विचारलेले शब्द?"

"ते पाठ आहेत. गेल्या वेळचे, त्याच्या आधीचे, सगळेच. आम्हां सगळ्या जणींना पाठ असतात. डोंगर पाठ करतो आम्ही, शब्दांचं काय घेऊन बसलीस."

"सांगितलं का नाहीस, नीव्हेस?"

"सांगितलं असतं तर उतरू दिलं असतंत?"

"नाही."

"मग?"

खरं तर तिचं बरोबरच होतं. तिला एकच गोष्ट हवी होती, घरच्या डोंगरावरून शेवटचं एकदा खाली येणं. तेवढ्यासाठी तिने दोन दिवस आपल्याच डोक्यात रिकाम्या जागा चाचपडत काढले होते, आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गाईचं दूध विचारलं तेवढी एकच चूक.

"आता बघितलं ना मी," ती म्हणाली. "आता पाठ झालं. अजून वेळ आहे. तो रेडिओ दे आणि चल वर."

"डोळे मीट."

"काय?"

"डोळे मीट आणि सांग. उडीनंतर काय?"

तिने डोळे मिटले. वाऱ्याने पाटीवरची डहाळी हलत होती. मी वाट पाहिली. तिचे ओठ हलले आणि मिटले. बराच वेळ तिने डोळे उघडलेच नाहीत, आणि मला कळलं की ती शोधतेय. आत्ता, समोर उभं राहून पाहिलेलं वळण ती शोधतेय आणि ते सापडत नाहीये.

"सरळ," शेवटी ती म्हणाली.

"आता उघड. आणि सरळ बघ. तू म्हणतेस तसं सरळ."

तिने डोळे उघडले आणि उतार न वळता जिथे गेला असता तिकडे पाहिलं. तिथे नारिंगी जाळी होती, आणि जाळीला टेकून माणसंच माणसं. गावातली. एका चादरीवर तिचं नाव रंगवलं होतं, ती धरून दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी आत्तिलिओ होते. ते दर वर्षी तिथेच उभे राहायचे, तिच्या वळणापाशी. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि घंटा उंच करून हलवली. ती अशी इथे कोट घालून का उभी आहे हा प्रश्न त्यांना पडला नसावा. लेक दिसली, एवढंच त्यांना पुरे होतं.

"जाळी धरते," नीव्हेस म्हणाली.

"परवा तू वळताना पडलीस. वेग कमी झाला होता, म्हणून जाळीने धरलं. मुटकुळं करून आलीस तर नाही धरणार. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

ती वडिलांकडे बघत राहिली. आणखी एक मुलगी आली, वळली, गेली. आत्तिलिओंनी तिच्यासाठीही घंटा वाजवली आणि पुन्हा आमच्याकडे बघून हसले.

"रेडिओ दे," नीव्हेस म्हणाली.

"वर जाणार असलीस तर देणार नाही. ओरड, मला मार, काय करायचं ते कर."

"दे, वाया."

मी दिला. का दिला ते सांगता येणार नाही. तिने बटण दाबलं.

"रेन्झो, तालामिनी बोलतेय." आवाज सपाट होता, रोजचा. "माझं नाव काढ."

पलीकडून फक्त खरखर आली. तिने थोडी वाट पाहिली आणि पुन्हा म्हटलं, "ऐकलंस ना? मी उतरत नाहीये." मग रेन्झोचा आवाज आला, "ऐकलं."

लाउडस्पीकरवर ते जाहीर झालं तेव्हा घंटा एकदम थांबल्या नाहीत. जवळच्या थांबल्या, मग खालच्या, मग अगदी गावाच्या बाजूच्या. आत्तिलिओंची घंटा हातात लटकत राहिली. इतका मोठा डोंगर इतका गप्प झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय हे मला गाल गार पडले तेव्हा कळलं. ते तिच्यासाठी होतं की आईसाठी, मला ठरवता येईना.

त्याच दुपारी मोठ्या इस्पितळात तिच्या कवटीच्या आत साचलेलं रक्त काढलं. दोन दिवस ते थेंब थेंब साचत होतं. डॉक्टर म्हणाले की त्या उड्या, ते हादरे, पडली नसती तरी ती खाली जिवंत पोचली नसती. आज ती त्याच गावात असते. पुष्कळसं परत आलं, काही आलं नाही. ते वळण तिला पुन्हा दाखवावं लागलं, नवीन माणसाला दाखवतात तसं.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी आम्ही दोघीच लार्चखाली उभ्या होतो. तिने नंबराचं जॅकेट काढून माझ्याकडे दिलं आणि आजूबाजूला पाहिलं. वर डोंगराचा कडा होता, खाली चर्चचा मनोरा, तिच्या घराचं छप्पर, धुराडं, सगळं लख्ख उन्हात. ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"वाया," ती म्हणाली, "घरी कुठून उतरायचं?"

मी तिचा दंड धरला. "इकडून," मी म्हणाले. "माझ्या मागे मागे ये."